चाकात भरायचे तरी काय?

पावसाळा तोंडावर आला की दुचाकीच्या टायरांबद्दलची पत्रे वाढतात. यंदाच्या टपालात बहुतेकांचा रोख पेट्रोल पंपावरच्या नायट्रोजनकडे आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : मी भांडुपहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज १५० सीसीच्या मोटारसायकलने जातो. दोन्ही टायर ट्यूबलेस आहेत. पंपावर हवा भरायला थांबलो की मुलगा म्हणतो, ‘साहेब, नायट्रोजन मारून घ्या. टायर गरम होत नाही, हवा उतरत नाही, मायलेज वाढते.’ एका चाकाचे २० रुपये घेतात. घ्यावा का? (भांडुप)

उत्तर : तीन दाव्यांपैकी एकात थोडे तथ्य आहे. बाकीचे दोन सोडून द्या.

तुम्ही फुकट भरता त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. २१ टक्के ऑक्सिजन, आणि उरलेल्या सुमारे एक टक्क्यात मुख्यतः आर्गॉन. पंपावरचे यंत्रही आसपासचीच हवा ओढते. ती बारीक नळ्यांच्या पडद्यातून किंवा कार्बनच्या सच्छिद्र दाण्यांच्या थरातून दाबाने नेली जाते, तिथे ऑक्सिजन वेगळा काढला जातो, आणि यंत्र नीट असेल तर साधारण ९५ टक्के नायट्रोजन नळीत येतो. म्हणजे ७८चे ९५ करण्याचे ते २० रुपये.

आता ‘हवा उतरत नाही’ हा दावा. रबर डोळ्यांना भरीव दिसते, पण वायूचे रेणू त्यातून हळूहळू झिरपत बाहेर पडतात. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट वेगाने झिरपतो, म्हणून ऑक्सिजन कमी असला की दाब थोडा जास्त टिकतो. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक मासिकाने मोटारींच्या ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर ही चाचणी केली होती. सगळे टायर ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाब मोजण्याचे एकक) भरून नुसते ठेवून दिले. वर्षाअखेर साध्या हवेच्या टायरांतला दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला होता, नायट्रोजनच्या टायरांतला २.२ने. फरक १.३ पीएसआयचा, तोही बारा महिन्यांत. रस्त्यावर धावणाऱ्या दुचाकीच्या टायरमधून व्हॉल्व्ह, रिमची कड, बारीक खिळे अशा वाटांनी महिन्याला एक-दोन पीएसआय सहज जातात, आणि त्या वाटा नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांनाही सारख्याच मोकळ्या असतात. नायट्रोजन भरून तीन महिने टायरकडे पाहिले नाही, तर चार-पाच पीएसआय कमी होणारच.

‘टायर गरम होत नाही’ हे चूकच आहे. टायर गरम होतो तो त्याचे रबर आणि धागे प्रत्येक फेरीला दबतात-सुटतात म्हणून. आत कोणता वायू आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. तापल्यावर दाब किती वाढतो, हेही कोरडी हवा आणि नायट्रोजन यांच्यात सारखेच. सकाळी ३० अंश तापमानाला टायरमध्ये २९ पीएसआय आहे असे धरा. पूर्व द्रुतगती महामार्गावर तासभर चालून आतला वायू ५५ अंशांवर गेला, तर मापक साधारण ३२.५ दाखवील. हवा असो वा नायट्रोजन, आकडा तोच. ढोबळ हिशोब लक्षात ठेवायचा तर दुचाकीच्या दाबाला दर १० अंशांमागे दीड पीएसआय.

मायलेजचेही तसेच. मायलेज पडते ते टायर मऊ राहिल्याने. २५ पीएसआयवर धावणारा टायर २९वर आणलात तर गाडी हलकी लागेल, पेट्रोलही थोडे वाचेल. ते २९ कशाचे आहेत हे इंजिनाला कळत नाही.

मग नायट्रोजनच्या यंत्राचा उपयोग काय? त्यातला वायू कोरडा असतो, आणि बहुतेक यंत्रांवर हवा तो आकडा लावून ठेवण्याची डिजिटल सोय असते. तुमच्या पंपावर फुकटच्या हवेची नळी फाटलेली आणि मीटर मेलेला असेल, तर बरोबर दाबासाठी २० रुपये गेले तरी वाया नाहीत. पण पेट्रोल पंपावर मोफत हवा देणे हे तेल कंपन्यांच्या नियमावलीने पंपचालकावर बंधनकारक आहे. ‘साधी हवा बंद आहे, नायट्रोजनच घ्या’ असे रोजच ऐकावे लागत असेल तर तक्रारवही मागा. तीही पंपावर असायलाच हवी.

प्रश्न : दोन्ही चाकांत नायट्रोजन होता. घाटकोपरला पंक्चर झाले, तिथे पंक्चरवाल्याने साधी हवा भरली. आता सगळी हवा काढून परत नायट्रोजन भरावा लागेल का? दोन्ही एकत्र झाल्याने टायर खराब होतो का? (विक्रोळी)

उत्तर : होत नाही. हवा म्हणजे मुळात नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रणच. निर्धास्त चालवा, आणि दाब कमी झाला तर जे जवळ मिळेल ते भरा. नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या लावल्या आहेत म्हणून २२ पीएसआयवर पाच किलोमीटर नायट्रोजन शोधत फिरणे हेच टायरला जास्त महागात पडते.

तरी कुणाला नायट्रोजनच हवा असेल, तर पंपावर एक गोष्ट नीट पाहावी. टायर २५वर असताना वरून नायट्रोजन मारून २९वर आणला, तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम साडेएकोणीसवर येतो. पैसे दिले, बदलले काहीच नाही. व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा केला तरी आत वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच. मग ९५ टक्क्यांचा नायट्रोजन २९ पीएसआयपर्यंत भरला की ऑक्सिजन साधारण १० टक्के राहतो. पुन्हा रिकामा करून भरला तर सातच्या आसपास, तिसऱ्यांदा साडेपाच. म्हणून खरोखरच नायट्रोजन भरायचा तर निदान दोनदा रिकामा करून भरायला हवा. हे करताना गाडी मेन स्टँडवर घ्या आणि त्या चाकावर भार ठेवू नका. भार असताना ट्यूबलेस टायर रिकामा केला तर त्याची कड रिमवरून सुटते, आणि साध्या नळीने ती परत बसत नाही. मोटारींच्या चाकांतली हवा ओढून घेणारी यंत्रे काही ठिकाणी असतात, ती दुचाकीच्या ट्यूबलेस टायरला याच कारणासाठी लावू देऊ नका.

यंत्राच्या पडद्यावर शुद्धतेचा आकडा येत असेल तर तो वाचा. आगकाडी विझते का हे पाहून नायट्रोजन ओळखण्याची युक्ती मोबाइलवर फिरत असते. पेट्रोल पंपावर आगकाडी पेटवण्याचा विचारही करू नका.

प्रश्न : माझी जुनी स्पोकची गाडी आहे, ट्यूबचे टायर. गिरगावात चाळीच्या अंगणात उभी असते. समुद्र जवळ, त्यात पावसाळा. मागच्या वेळी टायर काढला तेव्हा रिम आतून गंजलेली निघाली. मेकॅनिक म्हणतो की हवेतल्या पाण्याने गंज चढतो, नायट्रोजन भरा. घरच्या पायपंपाने हवा भरणेही बंद करायला सांगतो. (गिरगाव)

उत्तर : तुमच्या चाकात हवा ट्यूबच्या आत आहे आणि रिम ट्यूबच्या बाहेर. ट्यूबमध्ये काहीही भरलेत तरी त्याचा रिमला स्पर्श होत नाही. त्यामुळे या गंजावर नायट्रोजनचा शून्य उपयोग.

पाणी येते ते बाहेरून: स्पोकच्या निप्पलांच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांतून आणि व्हॉल्व्ह जिथून बाहेर येतो त्या भोकातून. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, की ते टायर आणि ट्यूब यांच्या मधल्या फटीत जाते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. समुद्राकाठच्या हवेतले मीठ त्यात भर घालते. उपाय करायचा तो पुढच्या वेळी टायर उतरवाल तेव्हा. रिम आतून तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा, धुऊन पूर्ण वाळवा, गंजरोधक प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि एक रात्र सुकू द्या. रिमटेप जुनी वापरू नका. रबराची नवी टेप निप्पलांची सगळी डोकी झाकेल अशी बसवा, आणि टेपचे भोक व्हॉल्व्हच्या भोकाशी नेमके जुळवा. निप्पलांच्या वर आलेली स्पोकची टोके कानशीने सपाट करा, नाहीतर तीच ट्यूबला भोक पाडतील. ट्यूबला फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) चोळून मगच आत घाला.

व्हॉल्व्हच्या दांड्यावरची चकती रिमला घट्ट आवळून ठेवण्याची सवयही चुकीची आहे. दाब कमी असताना जोरात ब्रेक लागला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला ओढतो. चकती आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो, आणि ती फाटलेली ट्यूब कुणीही जोडू शकत नाही. चकती वर टोपीकडे सरकवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला तर टायर सरकला आहे हे आधीच कळेल. ट्यूब घेताना खोक्यावर ‘ब्युटाइल’ लिहिलेले पाहा. नैसर्गिक रबराच्या ट्यूबपेक्षा ब्युटाइलची ट्यूब हवा कितीतरी पटीने जास्त धरून ठेवते. दाब टिकायला हा बदल कोणत्याही वायूपेक्षा उपयोगी आहे.

आता पायपंप. जुलैतली मुंबईची हवा घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी बाळगून असते. तुमच्या टायरचे आकारमान १२ लिटर धरले, तर २९ पीएसआयला त्यात बाहेरची सुमारे ३६ लिटर हवा कोंबली जाते, म्हणजे ०.८६ ग्रॅम पाणी. दाबलेल्या १२ लिटरमध्ये वाफ म्हणून ०.३४ ग्रॅमच राहू शकते. बाकीचे अर्धा ग्रॅम, म्हणजे दहा-बारा थेंब, आत दव होऊन बसते. टायर ५० अंशांपर्यंत तापला की ते परत वाफ होते आणि नेहमीच्या वाढीवर आणखी एक पीएसआय चढवते. शर्यतीच्या मैदानावर हा फरक मोजला जातो, गिरगाव ते लोअर परळ या प्रवासात कळणारही नाही. पायपंप वापरत राहा.

आश्चर्य वाटेल, पण नीट राखलेल्या कॉम्प्रेसरची हवा पायपंपापेक्षा कोरडी असते. टाकीत हवा आठ-नऊ पटीने दाबली जाते तेव्हाच बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी उतरते, पावसाळ्यात दर घनमीटर हवेमागे सुमारे २० ग्रॅम. ते पाणी रोज तळाच्या तोटीतून सोडावे लागते. ज्या पंक्चरवाल्याने ती तोटी महिनाभर उघडलेली नाही, त्याच्या नळीतून हवेबरोबर गंजके पाणी उडते. ओळखायचे कसे? भरण्याआधी नळीच्या तोंडाची पिन दाबून दोन सेकंद हवा पांढऱ्या रुमालावर सोडा. रुमाल ओला किंवा तांबूस झाला तर तिथे भरू नका. ट्यूबलेस टायर असलेल्यांनी तर हे करावेच, कारण तिथे वायूचा रिमशी थेट संबंध येतो.

प्रश्न : नायट्रोजनने गाडी हलकी होते असे ऐकले. मग हेलियम भरला तर? (मुलुंड)

उत्तर : १२ लिटरच्या टायरमध्ये २९ पीएसआयला सुमारे ४१ ग्रॅम हवा असते. नायट्रोजन भरला तर वजन दीड ग्रॅमनेही कमी होत नाही. हेलियमने ३५ ग्रॅम वाचतील, पण त्याचे अणू इतके बारीक की रबरातून भराभर निसटतात. फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो, तसेच.

प्रश्न : आमच्या साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे सिलिंडर असतात. काही कामगार घाईच्या वेळी ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून स्कूटरच्या टायरमध्ये भरतात. एकाने आर्गॉन भरला. त्यात काही धोका आहे का? (साकीनाका)

उत्तर : आहे, जीव जाण्याइतका. हे आजच बंद करा.

शुद्ध ऑक्सिजनमध्ये रबर, तेल, ग्रीस सहज पेट घेतात आणि साध्या हवेतल्यापेक्षा कितीतरी जोमाने जळतात. टायर बसवताना लावलेले तेल, आतली रबराची भुकटी, आणि शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या, एवढे स्फोटाला पुरेसे आहे. अ‍ॅसिटिलीन आणि एलपीजी याहून वाईट. गॅस भरलेला टायर घेऊन माणूस उद्या पंक्चर काढायला जाईल. तिथे रिमरने भोक घासले जाईल, हॉट पॅच तापवला जाईल, आणि टायरमध्ये काय आहे हे त्या बिचाऱ्या पंक्चरवाल्याला ठाऊक नसेल. ज्यांनी असे टायर भरले आहेत त्यांनी ते उघड्या जागी, ठिणगी आणि विडी-सिगरेटपासून दूर, पिन काढून पूर्ण रिकामे करावेत. मग साधी हवा भरून पुन्हा सोडावी, असे तीनदा करून चौथ्यांदा वापरायला भरावे.

आर्गॉन आणि नायट्रोजन पेटत नाहीत, पण भरलेल्या सिलिंडरमधला दाब १५० बारच्या घरात असतो, म्हणजे २,१०० पीएसआयहून जास्त. रेग्युलेटरची एक चूक झाली की दोन-तीन सेकंदांत टायर रिमसकट फुटतो, आणि भरणाऱ्याचे तोंड नेमके समोर असते. वर्कशॉपमध्ये छोटा कॉम्प्रेसर ठेवा.

पंक्चर बुजवणाऱ्या काही फवारा डब्यांतही ज्वालाग्राही वायू असतो. डब्यावरची सूचना वाचा. असा डबा वापरला असेल तर टायर खोलण्यापूर्वी पंक्चरवाल्याला ते तोंडाने सांगा.

प्रश्न : माळशेज आणि भंडारदऱ्याच्या बाजूला एकटा जातो. कार्बन डायऑक्साइडची छोटी काडतुसे ठेवावीत की मिनी कॉम्प्रेसर? (बोरिवली)

उत्तर : १६ ग्रॅमच्या एका काडतुसात मोकळ्या हवेत सुमारे नऊ लिटर होईल इतका वायू असतो. १००/९०-१७ मापाच्या टायरमध्ये त्याने साधारण ११ पीएसआय चढतात. म्हणजे एका टायरला तीन काडतुसे हवीत. दोनमध्ये २०-२२पर्यंत पोचाल आणि सावकाश गावापर्यंत जाल. वायू बाहेर पडताना काडतूस बर्फासारखे गार होते, उघड्या हाताने धरले तर कातडी चिकटते. हातमोजा घाला. टायरमध्ये सीलंट (पंक्चर आतून बुजवणारा द्रव) असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून थोडा वेळ थांबा. गार वायू थेट सीलंटवर गेला तर काही सीलंट व्हॉल्व्हपाशीच गोठून बसतात. कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा बराच लवकर निघून जातो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा.

एकट्याने जाणाऱ्याला आम्ही स्वतःच्या बॅटरीवर चालणारा मिनी कॉम्प्रेसर सुचवू, कारण पंक्चरच्या भोकात घातलेली स्ट्रिप (चिकट रबरी पट्टी) नीट बसली नाही तर पुन्हा भरता येते. काडतूस संपले की संपले. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असेल तर तो गाडीच्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटला लावू नका, फ्यूज जाईल. चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडा आणि इंजिन चालू ठेवा.

प्रश्न : मुंबईहून महाबळेश्वरला जाताना दाब कमी करावा का? वर गेल्यावर टायर फुगतो म्हणतात. (चेंबूर)

उत्तर : करू नये. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरचा दाब मुंबईपेक्षा दोन पीएसआयने कमी, म्हणून मापक तेवढे जास्त दाखवतो. पण तिथली हवा दहा-बारा अंशांनी गार असते आणि त्याने दीड-पावणेदोन पीएसआय उतरतात. हिशोब जवळजवळ फिटतो. सामान आणि मागे माणूस असेल तर उलट गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला डबलसीटचा दाब मुंबईतच भरून निघा.

प्रश्न : विमानाच्या चाकात नायट्रोजनच का भरतात? विमानाला चालतो तर दुचाकीला का नको, असे विद्यार्थी विचारतात. (दादर)

उत्तर : दुचाकीला नको असे नाही, गरज नाही एवढेच. उतरताना विमानाचे ब्रेक प्रचंड तापतात आणि ती उष्णता चाकात शिरते. फार तापलेल्या टायरच्या आतल्या रबरातून जळाऊ वाफा सुटतात, आणि आत ऑक्सिजन असेल तर त्या पेटून टायर फुटू शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ असेच कोसळले. तापलेल्या चाकातला टायर हवेत असताना फुटला, त्यात इंधनाच्या आणि इतर महत्त्वाच्या नळ्या तुटल्या, १६७ जण दगावले. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. त्यानंतर मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांहून जास्त नको, असा नियम अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने केला. शिवाय उंचावरच्या थंडीत हवेतली वाफ गोठते, कोरड्या नायट्रोजनमध्ये तो त्रास नाही. मे महिन्यातल्या दुपारी दुचाकीचा टायर हाताला चटका देतो, पण तो रबरातून वाफा सुटण्याच्या आसपासही पोचत नाही.

प्रश्न : तीन पंपांवर तीन आकडे येतात. एकावर २८, दुसऱ्यावर ३२, तिसऱ्यावर काटा ‘२’वर. खरे कोणाचे मानायचे? (अंधेरी)

उत्तर : कोणाचेच नाही, स्वतःचा मापक घ्या. वर्षभर नायट्रोजनवर जातील तेवढ्या पैशांत चांगला मापक येतो. ० ते ६० पीएसआयचा घ्या. शंभर-दीडशेपर्यंतच्या मापकावर आपल्या कामाचे आकडे एका कोपऱ्यात दाटीने येतात आणि चूक वाढते. ‘२’ म्हणजे बहुधा किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, तेव्हा २ म्हणजे साडेअठ्ठावीस. बारमध्ये असेल तर एक बार १४.५चा.

मोजायचे सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना आणि ऊन लागण्याआधी. पुस्तकात किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो. अनेक १००-१५० सीसी गाड्यांना तो पुढे २५ आणि मागे एकट्यासाठी २८ च्या आसपास असतो, डबलसीटला मागे त्याहून बराच जास्त. आपल्या गाडीचा पाहा. टायरच्या बाजूवर लिहिलेला ‘मॅक्स’ हा भरण्याचा आकडा नव्हे, ती टायरची मर्यादा आहे.

पंप घरापासून लांब असेल तर अशी रीत ठेवा. घरी मोजा, समजा २९ हवेत आणि २५ आहेत, म्हणजे चार कमी. पंपावर पोचल्यावर तोच मापक लावा. तापून २७ झाले असतील तर २७ मध्ये चार मिळवून ३१ भरा. तापलेल्या टायरमध्ये ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. सकाळी तो टायर तीन-चार पीएसआय कमी निघतो. पंपावरच्या डिजिटल यंत्रावर आधीच्या मोटारीचे ३२-३५ तसेच लावलेले असतात आणि मुलगा तेच तुमच्या पुढच्या चाकात मारतो. नळी लावण्याआधी आकडा बदलून घ्या.

पावसात पकड यावी म्हणून दाब कमी करणारेही या शहरात पुष्कळ आहेत. मऊ टायरच्या नक्षीतल्या खाचा भाराने मिटतात, पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चाक लवकर पाण्यावर तरंगते. शिवाय पेव्हर ब्लॉक उखडलेल्या खड्ड्यात रिम थेट आपटते. पावसाळ्यातही पुस्तकातलाच दाब ठेवा.

प्रश्न : मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये दोन महिन्यांपासून नायट्रोजन आहे, तरी आठवड्याला पाच पीएसआय जातात. खिळा दिसत नाही. आता काय? (कांदिवली)

उत्तर : आठवड्याला पाच हे झिरपणे नव्हे, कुठेतरी गळती आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, टायर ३५पर्यंत भरा, मात्र टायरवरच्या मर्यादेच्या आत. कपभर पाण्यात चमचाभर भांड्यांचे द्रव साबण मिसळा आणि जुन्या ब्रशने पुढील क्रमाने लावत जा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, कारण बारीक गळतीला मोठे बुडबुडे येत नाहीत, पांढरा दाट फेस येतो.

पहिल्यांदा व्हॉल्व्हचे तोंड. फेस आला तर पिन ढिली किंवा खराब आहे. पिनच्या किल्लीने हलकेच आवळा. जोर लावला तर आतले रबर कापले जाते. तरी थांबले नाही तर नवी पिन टाका, काही रुपयांची असते. मग व्हॉल्व्हचा रबरी दांडा एका बाजूला वाकवून मुळाशी साबण लावा. ऊन आणि जुनेपणामुळे तिथे भेगा पडतात, आणि नव्या टायरबरोबर जुनाच व्हॉल्व्ह ठेवण्याचा हा परिणाम असतो. त्यानंतर नक्षी, चाक पाव-पाव फिरवत. खिळ्याचे डोके झिजून गेलेले असते, दिसत नाही, साबणाने मात्र कळते. भोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर स्ट्रिप चालते, आतून मशरूम पॅच (दांड्यासकटचे छत्रीसारखे रबरी ठिगळ) अधिक चांगला. भोक बाजूच्या भिंतीत असेल तर टायर बदलायचा, तिथे स्ट्रिप लावू नका.

हे सगळे कोरडे निघाले तर संशय रिमच्या कडेवर. मुंबईच्या खाऱ्या हवेत अलॉय रिमवर, टायरची कड जिथे टेकते तिथे, पांढरी भुकटी धरते आणि त्या खरबरीत जागेतून वायू निसटतो. टायर उतरवून ती जागा बारीक पॉलिश पेपरने किंवा घासणीने साफ करायची. ग्राइंडर लावू देऊ नका, खोलगट जागा पडली तर रिम कायमची गळेल. धुऊन वाळवून बीड सीलरचा (टायरच्या कडेची फट बुजवणाऱ्या द्रवाचा) पातळ थर द्या आणि साबणाच्या पाण्यावर टायर बसवा. खड्ड्यात आपटून कड दुमडली असेल किंवा स्पोकाच्या मुळाशी तडा दिसत असेल, तर तापवून सरळ केलेले अलॉय चाक वापरू नका, बदला.

दुरुस्तीनंतर टायर थंड असताना नेमका आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच मापकाने पुन्हा मोजा. फरक अर्ध्या पीएसआयच्या आत असला तर काम नीट झाले. जास्त असला तर पुन्हा साबण घेऊन व्हॉल्व्हपासून सुरुवात करा, कारण एकाच चाकात दोन गळत्या असणे हे अगदी नेहमीचे आहे.